लाभ, दोन, तीन

बंडोपंतांच्या गळ्यात शिट्टी आली तेव्हा त्यांना पंचावन्न पुरी झाली होती, आणि तोवर त्यांनी कधी कुणाला दटावून 'थांब' म्हटलेलं नव्हतं. औंढ्याला देवळामागं घर, तीन पिढ्यांची देवाची चाकरी, मग एका अडतीत कारकुनी. अडत बुडाली तसे ते ठेकेदाराकडं लागले. ठेकेदाराला पूर्णेच्या काठी, हट्ट्याच्या अलीकडं, सात गावांच्या पाणीयोजनेची विहीर खोदायची होती. आदल्या वर्षी त्याच्याच दुसऱ्या एका विहिरीत दरड ढासळून दोघं गेले होते. म्हणून यंदा वरच्या साहेबानं कागदावर लिहून दिलं की कामावर 'सुरक्षेसाठी जबाबदार इसम' नेमावा. ठेकेदारानं इकडंतिकडं पाहिलं. बंडोपंत सावलीत बसून सिमेंटच्या गोण्यांवर खडूनं खुणा करत होते. "पंत, आजपासून तो इसम तुमी," असं म्हणून त्यानं एक शिट्टी, एक लाल झेंडा आणि पोत्यात बांधलेली पाच पिवळी हेल्मेटं त्यांच्या हवाली केली. हेल्मेटं साहेब यायच्या दिवशीच काढायची, एरवी उगीच धुळीत खराब करायची नाहीत, हेही बजावलं.

दुसरा कुणी असता तर शिट्टी खुंटीला टांगून पगार खाल्ला असता. पंतांनी मात्र ती मनावर घेतली. घरी सरोजिनीबाई हसल्या, म्हणाल्या, उभ्या जन्मात मांजर हाकललं नाही आणि आता माणसं हाकलणार. पण पंत रोज सकाळी शिट्टी धुऊन, पुसून गळ्यात घालायचे. जानव्याच्या दोऱ्याइतकीच ती त्यांना अंगची वाटायला लागली.

विहीर तीस फूट रुंद आणि तोवर पंचेचाळीस फूट खोल गेली होती. वर मुरूम, खाली काळा पाषाण. काठावर यारी उभी होती, म्हणजे दगड वर ओढायचं इंजिनाचं यंत्र. त्याच्याच बादलीतून माणसंही खालीवर करत. ती चालवायला हट्ट्याचा देविदास. कामाला आसपासच्या तांड्यांवरची लमाण माणसं आणि दोन-तीन गावांतली मजूर मंडळी. रोज सकाळी पाषाणात भोकं पाडून सुरुंगाचे बार भरायचे, वाती पेटवायच्या, सगळ्यांनी दोनशे पावलांवरच्या मातीच्या ढिगाआड जाऊन बसायचं, आणि बार उडाले की दिवसभर खालचा दगड उपसायचा.

पंतांनी आपले नियम घातले. बार भरणारानं वर येऊन आकडा सांगायचा. आवाज पंत स्वतः मोजणार. दोन्ही आकडे जुळले, तर अर्ध्या तासानं एक आखूड शिट्टी आणि मग माणसं खाली. नाही जुळले, तर त्या दिवशी खाली कुणी पाय ठेवायचा नाही, कारण न उडालेला बार दगडाखाली पडून असतो आणि त्याच्यावर पहार पडली की तो आपला राहिलेला हिशेब पुरा करतो. उतरणारी माणसं मोजायची, चढणारी मोजायची. आणि लांब शिट्टी झाली की हातातलं टाकून सगळ्यांनी वर यायचं, कारण विचारत बसायचं नाही.

हे सगळं बराबर होतं. आवाज मोजायची पंतांची रीत तेवढी न्यारी होती. लहानपणी वडील देवळाच्या शिध्याचं धान्य मोजून घेत तेव्हा पहिल्या मापाला त्यांनी कधी 'एक' म्हटलं नाही. पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. एकापासून सुरुवात केली की बरकत जाते म्हणायचे. पंतांच्या जिभेला तेच वळण. ढिगाआड बसून पहिला आवाज झाला की ते डोळे मिटून पुटपुटत, "लाभ." पुढचा आवाज, "दोन." पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसत. सुरुंगाला लाभ म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. पण आकडा चुकत नव्हता, म्हणून तांड्याचा मुकादम शंकरसिंग, जो रोज बार भरायचा, तोही काही बोलत नसे.

एकदाच काय तो घोटाळा झाला. मार्चात एका सकाळी शंकरसिंगानं नऊ सांगितले आणि पंतांना आठ ऐकू आले. पंतांनी काम बंद ठेवलं. दुपारी दगड हळूहळू बाजूला करून पाहिलं तर नऊच्या नऊ भोकं फुटलेली. दोन बार एकदम उडाले होते. त्या दिवशी ठेकेदारानं चारचौघांत पंतांची अशी हजेरी घेतली की त्यांना रात्रभर झोप लागली नाही. पुन्हा असं झालं तर शिट्टी काढून घेईन आणि घरी बसवीन, असं तो म्हणाला होता.

विहिरीतलं सगळ्यांत वाईट काम होतं आडव्या बोगद्याचं. विहिरीच्या तळातून नदीच्या अंगानं, मुरमातून, माणूस वाकून जाईल एवढा बोगदा खणत होते. नदीचं पाणी त्यातून विहिरीत यायचं होतं. त्या अंधारात लखमा एकटा काम करायचा. वीस वर्षं बार उडवून उडवून त्याचे दोन्ही कान गेले होते. कानाशी ढोल बडवला तरी तो मागं वळून पाहत नसे. त्याला हाक मारायची म्हणजे जाऊन खांद्याला हात लावायचा. ते काम त्याची बायको सोजराबाई करायची. ती विहिरीच्या तळाशी टोपल्या भरायला असायची. शिट्टी झाली की आधी बोगद्यात शिरून नवऱ्याला धरून बाहेर आणायची आणि मग स्वतः बादलीत चढायची. पंतांनी हे पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. चला, याची सोय आहे, असं म्हणून ते निश्चिंत झाले होते.

दोन हजार दोनच्या एप्रिलमधल्या त्या दिवशी तांड्यावर लग्न होतं. शंकरसिंग गेला, सोजराबाई गेली, निम्मी टोळी गेली. उरलेल्यांत बार भरायला जाणता असा एकच माणूस होता, म्हातारा फुलसिंग. तरुणपणी त्यानं सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला कितीतरी विहिरी फोडल्या होत्या. नंतर शेती करून खळ्यावर धान्य मोजण्यात त्याचं वय गेलं. पंतांना त्याचा हात स्थिर वाटला. तरी त्या सकाळपासूनच त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. रोजचे चेहरे नव्हते, रोजचा गलका नव्हता, इंजिनही दोनदा बंद पडलं. आज सुट्टी द्यावी असं त्यांच्या मनात आलं. पण ठेकेदाराला काय सांगणार? मन थाऱ्यावर नाही म्हणून?

फुलसिंग बार भरून वर आला. पंतांनी विचारलं, किती? तो म्हणाला, सात. सगळे ढिगाआड गेले. पंतांनी डोळे मिटले. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग शांत झालं. ते आणखी बराच वेळ कान देऊन बसले. आठवा आवाज यायचा नव्हताच, तरी कानाला कायतरी उणं वाटत राहिलं. पण आकडा जुळला होता. जुळलेल्या आकड्यावर संशय घेणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि मार्चात पंत एकदा वेडे ठरून चुकले होते.

अर्ध्या तासानं त्यांनी आखूड शिट्टी दिली. नेमकं तेव्हाच डिझेलवाला येऊन हुज्जत घालायला लागला, म्हणून माणसं मोजून सोडायचं काम पंतांनी फुलसिंगावर टाकलं. जबाबदार इसमानं दोन महिन्यांत ते काम दुसऱ्याच्या हाती दिलं ते त्याच दिवशी. डिझेलवाल्याची कटकट मिटवून ते परत आले तेव्हा बादली शेवटची खेप करून वर येत होती. फुलसिंगानं सांगितलं, तेरा माणसं उतरली. पंतांनी तेरा ध्यानात ठेवले.

दुपारी ऊन चढलं. खाली पहारी वाजत होत्या, बादली दगड घेऊन वर येत होती. बाभळीच्या विरळ सावलीत फुलसिंग भाकर सोडून बसला आणि पंतांना जुन्या गोष्टी सांगायला लागला. आताच्या पोरांना रीत राहिली नाही, ही त्याची मुख्य तक्रार. शंकरसिंग चांगला आहे, पण भरभर भोकं भरतो आणि मोकळा होतो. खळ्यावर रास मोजताना पहिलं माप देवाच्या नावानं बाजूला काढायचं असतं, ते मोजणीत येत नाही. कोणत्याही कामात तसंच असतं, पण आता कोण पाळतो?

पंत मान डोलवत होते. मान डोलवता डोलवता थांबली.

"फुलसिंग," ते म्हणाले, "सकाळी पहिला बार कसा भरला?"

"देवाच्या नावानं. उगवतीला." म्हाताऱ्यानं चटणीत भाकर बुडवली. "तिथून मंग एक, दोन, तीन, असं करत सात."

"देवाचा धरून सात?"

"देवाचा कसा धरतेत, पंत? त्यो सोडून सात."

आठ भरले होते. सात उडाले होते. वडिलांनी शिकवलेला लाभ मोजणीत धरला जात होता, खळ्यावरचा देव धरला जात नव्हता; त्या फरकानं एक अख्खा बार गिळला होता, आणि तो आत्ता खाली, चाललेल्या पहारींच्या मधे कुठंतरी पडून होता.

आणि खरं सांगायचं तर पंतांनी लगेच शिट्टी मारली नाही. हात शिट्टीपर्यंत गेला आणि थबकला. समजा फुलसिंगालाच नीट आठवत नसलं तर? समजा पुन्हा दोन बार एकदम उडाले असले तर? ठेकेदाराचा मार्चातला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. म्हाताऱ्यानं एक घास चावून गिळला, तेवढाच तो वेळ. तेवढ्यात खालून पहारीचा खणकन आवाज आला, पंत बसल्या जागी दचकले, आणि मग त्यांनी इतकी लांब शिट्टी मारली की देविदास यारीवरून पडता पडता वाचला.

माणसं वर आली. कुणी बादलीतून, कुणी भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून, टोपल्या खाली टाकून. दोन महिने शिकवलं ते फुकट गेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं नाही. पंत काठावर उभे राहून एकेक डोकं मोजत होते. लाभ, दोन, तीन. शेवटचा गडी वर आला आणि मोजणी तेरावर थांबली. तेरा उतरले, तेरा चढले. पंतांच्या छातीवरचं ओझं उतरलं. नोकरी गेली तर जाऊ दे, आपल्या शिट्टीवर माणूस मेला नाही, असं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

राहिलेल्या बाराला उकरून काढत नाहीत. त्याच्याशेजारी सुरुंगाची नवी कांडी ठेवून दोन्ही एकदम उडवतात. भोक नेमकं कुठं आहे हे फुलसिंगालाच ठाऊक होतं. तो आणि त्याचा लेक सुदाम, दोघंच खाली उतरले. उगवतीकडचा दगड हातानं बाजूला करून त्यांनी भोक शोधलं. वात मधेच तुटलेली होती. शेजारच्या बाराच्या दगडानं ती कापली असावी. म्हणजे पंतांचा संशय खरा होता. सुदामनं वरून आलेल्या बादलीत आधी पाय ठेवला, म्हाताऱ्यानं नवी वात पेटवली, आणि देविदासनं दोघांना वर ओढलं. वात लांब ठेवली होती, चांगली पाच मिनिटांची.

सगळे ढिगाआड बसले. पंतांनी म्हाताऱ्याला जवळ बसवून घेतलं. त्याला बोल लावायचा नव्हता. उद्यापासून मोजायची एकच रीत ठरवून टाकू, एवढंच सांगायचं होतं. बार असो, गोण्या असोत, माणसं असोत, सगळ्यांनी एकापासूनच...

माणसं.

त्यांनी अगदी हळू विचारलं, जणू मोठ्यानं विचारलं तर उत्तर बदलेल.

"फुलसिंग, सकाळी खाली पहिला कोण उतरला?"

"लखमा," म्हातारा म्हणाला. "रिकामी बादली पयल्यांदा सोडू न्हाई. त्येचा पाय चांगला हाय म्हनून..."

पहिला उतरला तो देवाच्या मापासारखा, फुलसिंगाच्या तेरात धरलेलाच नव्हता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. शेजारच्या बायका पाहायला लागल्या. एक म्हणाली, लखमा तर लग्नाला गेलाय ना सोजराबाईसंगं? दुसरीलाही तसंच वाटलं होतं. फुलसिंग सोडून सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. तो बोगद्यात एकटा असायचा, दिसायचा नाही, म्हणून नसला तरी कुणाला चुकचुकल्यासारखं झालं नव्हतं. बोगद्याची दहा फुटं राहिलीत, ती दुसऱ्या कुणाला उरकू देणार नाही, म्हणून तो लग्नाला गेलाच नव्हता.

फुलसिंग उठला आणि विहिरीकडं धावला. साठीपुढचा माणूस, पण धावला. पंत त्याच्यामागं. ढिगापासून साठ-सत्तर पावलांवर त्यांनी त्याला गाठलं आणि दोन्ही हातांनी कमरेला मिठी मारली.

"सोडा पंत. वात उपटून टाकतो. सोडा मला."

म्हातारा ढुसण्या देत होता, शिव्या देत होता, रडत होता. पंतांच्या डोक्यात वात जळत होती. तीन मिनिटं झाली असतील की चार? काठापर्यंत पोचायला अर्धं मिनिट. बादली खाली जायला आणखी एक. उगवतीपर्यंत दगडांतून चालत जायला... सोडलं तर कदाचित वाचवील. सोडलं तर कदाचित दोघं जातील. असल्या वेळी काय करायचं हे साहेबाच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. पंतांनी हात सोडले नाहीत. आपण शहाणपणानं धरलं की भीतीनं, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

आवाज झाला. जमीन पायाखाली हलली, विहिरीच्या तोंडातून धूळ वर आली, दगडांचा पाऊस यारीच्या पत्र्यावर वाजला. पंतांनी सवयीनं काही पुटपुटायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

धूळ बसायची वाट न पाहता लोक खाली उतरले. अर्धा तास थांबायचा नियम कुणी बोलून दाखवला नाही, पंतांनीही नाही. बाराचा दगड लखमाला लागलाच नव्हता. तो बोगद्याच्या पार टोकाला होता. हादऱ्यानं बोगद्याचं तोंड आणि वरचा मुरूम खाली बसला होता. आठ माणसं आळीपाळीनं उकरत होती. पंत आयुष्यात पहिल्यांदाच विहिरीत उतरले आणि नखं फुटेपर्यंत मुरूम ओढत राहिले. दिवस कलताना लखमा सापडला. तो बाहेर यायला निघालाच नव्हता. पुढं तोंड करून, फावडं हातात धरून बसल्या बसल्याच गाडला गेला होता. काय होतंय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

त्याला वर काढून बाभळीखाली ठेवलं. हट्ट्याहून पोलीस आले, ठेकेदार आला. त्यानं आल्याआल्या हेल्मेटांचं पोतं सोडायला लावलं आणि पाचही हेल्मेटं धुळीत लोळवून इकडंतिकडं टाकली. पंचनाम्यात कुणीतरी लिहिलं की सुरक्षा इसमानं वेळेवर शिट्टी वाजवून तेरा जणांचे प्राण वाचवले. ठेकेदारानं पंतांच्या पाठीवर हात ठेवला. तुमचं काम चोख होतं, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. पंत त्या हाताखालून बाजूला सरले.

सोजराबाई आली तेव्हा अजून उजेड होता. तांड्यावर निरोप गेला होता, पण पूर्ण खरा गेला नसावा, कारण ती लग्नातल्या कपड्यांतच, हातभर बलोत्यांच्या बांगड्यांनी आणि आरशांच्या ओढणीनं सजलेली, शंकरसिंगाच्या मोटारसायकलवरून उतरली. बाभळीकडं तिनं एकदा पाहिलं. कुणी तिला धरायला पुढं झालं तर तिनं हात झटकला. ती रडली नाही. सरळ पंतांसमोर येऊन उभी राहिली.

पंतांनी मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती. लाभाचं सांगायचं होतं, देवाच्या मापाचं सांगायचं होतं, तेरा आणि तेरा कसे जुळले ते सांगायचं होतं.

"शिट्टी मारली व्हती म्हनं तुमी," सोजराबाई म्हणाली.

"मारली होती."

"त्येला आयकू येत न्हाई. तुमाला ठावं व्हतं."

"ठाऊक होतं," पंत म्हणाले.

मग ती बाभळीखाली गेली, लखमाच्या उशाशी बसली, आणि ओढणीच्या टोकानं त्याच्या कानांतला मुरूम काढायला लागली.